क जीवनसत्त्व कोणत्या शीर्षकात?

प्रश्न : आयात केलेल्या सेंद्रिय रसायनाचा टॅरिफ कोड कसा ठरतो?

उत्तर : सीमाशुल्क टॅरिफचे 29वे प्रकरण सेंद्रिय रसायनांचे. त्यात मुख्यतः निश्चित रासायनिक रचनेचे सुटे संयुगच बसते. उत्पादनात राहून गेलेली अशुद्धी चालते, पाण्यातले द्रावणही चालते. इतर द्रावक मात्र सुरक्षिततेसाठी किंवा वाहतुकीसाठी गरजेचा असेल तरच. चुका होतात त्या बहुधा अपवादांत. इथेनॉल जाते 2207मध्ये, आणि युरिया कितीही शुद्ध असला तरी खतांच्या 3102मध्ये.

संयुग याच प्रकरणातील दोन शीर्षकांत सारखेच बसत असेल, तर क्रमाने शेवटचे शीर्षक धरतात. ॲस्कॉर्बिक आम्ल रचनेने लॅक्टोन, म्हणजे 2932. पण तेच क जीवनसत्त्व, म्हणून 2936. त्याच्या किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या औषधी गोळ्या मात्र 3004मध्ये.

कोडचे पहिले सहा अंक आंतरराष्ट्रीय. भारतात एकूण आठ. बिल ऑफ एन्ट्रीवर नुसते व्यापारी नाव टाकून भागत नाही. कॅस क्रमांक, शुद्धतेची टक्केवारी आणि विश्लेषण प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे. तरीही शंका उरलीच, तर माल मागवण्याआधी सीमाशुल्काच्या मुंबईतील आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.