गंजलेला ब्लॉक : भंगार की इंजिन?

दर वर्षी फायनल इयरच्या एखाद्या ग्रुपला जुनी गाडी उभी करायचा प्रोजेक्ट सुचतो. हॉस्टेलच्या रूमवर मीटिंग होते, वर्गणी निघते आणि भंगारवाल्याकडून एक इंजिन ब्लॉक येतो. तो इतका तांबडा असतो की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टाकून द्या." दुसरा म्हणतो, "रीबोअर करून आणू, होतंय काय!" गंमत म्हणजे तोपर्यंत दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं. म्हणून हा छोटासा धडा. मेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये जे आपण नुसतं उतरवून काढतो, तेच इथे उपयोगी पडतं!

उदाहरणासाठी ॲम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन घेऊ. हे मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं. चार सिलिंडर, बोअर ७३.०२५ मि.मी., स्ट्रोक ८८.९ मि.मी. ब्लॉक कास्ट आयर्नचा आणि सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले, वेगळे लायनर नाहीत. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपारा इथे ॲम्बॅसडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे चांगला ब्लॉक वितळवला तर तो परत मिळणार नाही, आणि वाईट ब्लॉकवर खर्च केला तर वर्गणी परत मिळणार नाही!

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. गंज दिसतो तेवढा नसतो. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीहून जास्त होतं, त्यामुळे थोडं लोखंड गेलं तरी थर जाड दिसतो. बाहेरच्या अंगाला कितीही गंज असला तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. प्रश्न असतो तो आतल्या मोजक्या जागांचा. आणि तपासायचा क्रम एकच : फुकटची तपासणी आधी, पैशाची नंतर.

१) साफसफाई. वायर ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल यांनी सुरुवात करा. पिस्टन अडकला असेल तर हातोडा मारू नका, तेल टाकून काही दिवस थांबा. हट्टी गंजासाठी आपलं इलेक्ट्रोलिसिस आहेच. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी आणि धुण्याचा सोडा घ्या. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर ब्लॉकला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला जोडा. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरायची नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं. रूममध्ये केलंत तर रेक्टर सरांच्या आधी एखाद्या ठिणगीला कळेल!

२) तडे. हे रीबोअरच्या आधी बघायचं. लोक नेमके इथेच घाई करतात आणि चार सिलिंडर कोरून झाल्यावर तडा सापडतो. सिलिंडरच्या मधली भिंत, हेड बोल्टची भोकं, पाण्याच्या वाटा आणि मेन बेअरिंगच्या जागा नीट बघा. सोपी युक्ती म्हणजे रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. डाय पेनेट्रंट टेस्टचं तत्त्वही हेच. यात पास झाला तर मशीन शॉपमधून प्रेशर टेस्ट करून घ्या. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात, ब्लॉक गरम पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे बघतात. मेन बेअरिंगच्या भिंतीला तडा असेल तर विषय संपला.

३) बोअर. इंजिन वर्षानुवर्षं उभं असतं तेव्हा कुठल्या तरी सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. पावसाळ्याची दमट हवा तिथूनच आत जाते. म्हणून एक सिलिंडर चकचकीत आणि शेजारचा खड्डेवाला, असं सर्रास दिसतं. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजा, तेही क्रँकच्या दिशेने आणि तिला काटकोनात. सहा रीडिंग एका सिलिंडरची, एकूण चोवीस. कंटाळा करू नका! खड्ड्यांची खोली टोकदार डायल गेजने घ्या.

आता हिशोब. या इंजिनाला १०, २०, ३० आणि ४० थाउ ओव्हरसाइझ पिस्टन बसतात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). समजा झिजेमुळे बोअर ०.१० मि.मी. वाढलाय आणि खड्डा ०.३० मि.मी. खोल आहे. खड्डा त्रिज्येत असतो, म्हणून व्यासात त्याची दुप्पट धरायची :

७३.०२५ + ०.१० + ०.६० = ७३.७२५ मि.मी.

३० थाउला बोअर होतो ७३.७८७. म्हणजे खड्डा निघून होनिंगला थोडं मटेरियल उरतं. ब्लॉक पास! पण खड्डा ०.५० मि.मी. असता तर लागले असते ७४.१२५, आणि ४० थाउला मिळतात फक्त ७४.०४१. तो सिलिंडर रीबोअरने सुधारणार नाही. तिथे लायनर ठोकावा लागेल, तोही भिंत पुरेशी जाड असेल तरच. पाण्याच्या बाजूनेही गंज भिंत खात असतो, म्हणून आधी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी बघून घ्यावी. खड्डा रिंगांच्या प्रवासाच्या खाली असेल तर मात्र फारशी चिंता नाही.

४) बाकीच्या जागा. वरच्या पृष्ठभागावर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घाला. ०.०५ मि.मी.चं पान सरकत असेल तर ग्राइंडिंगचा विचार करा. पाण्याच्या भोकाचा गंज गॅसकेटच्या कड्याखाली शिरलाय का तेही बघा. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या हव्यात, कारण त्या ब्लॉकला लावूनच कोरलेल्या असतात. भंगारवाल्याने दुसऱ्याच दिल्या असतील तर लाइन बोअरिंगचा खर्च वाढला. शेवटी ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवा. तिथे राहिलेला गंजाचा एक कण नवीन बेअरिंग खाऊन टाकतो.

थोडक्यात निकाल असा : तडा नाही, खड्डे ओव्हरसाइझमध्ये निघतात आणि कॅप जुळतात, तर ब्लॉक ठेवा. एक-दोन सिलिंडर हद्दीबाहेर असतील तर लायनरचा भाव विचारा आणि दुसऱ्या ब्लॉकच्या किमतीशी ताडून बघा. मेन बेअरिंगला तडा किंवा पातळ भिंत असेल तर मन घट्ट करा आणि काट्यावर चढवा.

चोवीस रीडिंगचा तक्ता करून वर्कशॉपमधल्या मामांना दाखवा. ते ब्लॉकवर बोट फिरवूनच बरंच सांगतील, पण तुमच्या हातात आकडे असतील तर वाद घालायला मजा येईल. आणि व्हायवाला "हा ब्लॉक का निवडला?" असं सरांनी विचारलं, तर "स्वस्त मिळाला" यापेक्षा बरं उत्तर तुमच्याकडे असेल!