नेमबाजीची नोंदवही : बेरजेच्या पलीकडे



१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. पात्रता फेरीत त्यांचे ६०० पैकी ५९० गुण होते. हेच गुण सुटे करून पाहा : गुडघ्यावर बसून १९८, पालथे झोपून १९७, उभे राहून १९५. आता कळतं, गुण कुठे गेले ते! सरावाची नोंद ठेवायची ती यासाठीच.

उदगीर परिसरातली मुलं बहुधा एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेतात. फायरिंग करून घरी आलं की पहिला प्रश्न, "किती पडले?" हा प्रश्न अपुरा आहे.

उदाहरण पाहू

दोन मुलांनी पाच-पाच गोळ्या मारल्या.
पहिला : ८, ८, ८, ८, ८ = ४०
दुसरा : १०, ९, ८, ७, ६ = ४०

पहिल्याची पाचही छिद्रं डावीकडे, एकाच ठिकाणी. म्हणजे पोराचा हात स्थिर आहे, फक्त साइट सरकवायची आहे. दुसऱ्याची छिद्रं विखुरलेली. त्याला पकड, श्वास आणि ट्रिगर दाबणं यावर काम करायचंय. नुसती बेरीज लिहिली तर दोघांना एकच सल्ला मिळतो, आणि पहिला पोरगा "आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतो.

वहीत काय लिहायचं?

१. तारीख, वेळ, अंतर, पोझिशन, उजेड, वारा.
२. टार्गेटचं छोटं चित्र आणि त्यात छिद्रांच्या जागा.
३. अंदाज : गोळी सुटताच, टार्गेट पाहण्याआधी, ती कुठे लागली असेल ते सांगायचं. मग प्रत्यक्ष जागा लिहायची. नेम चुकला पण अंदाज बरोबर आला, तर चूक मुलाला स्वतःलाच कळली आहे.
४. पुढच्या वेळी काय बदलायचं? एकच गोष्ट.

लिहायचं मात्र रायफल रिकामी करून, प्रशिक्षकांनी परवानगी दिल्यावरच.

एक विनंती : या वहीला मार्क देऊ नका, रागावूही नका. नाहीतर मुलं वाईट दिवस लपवतील, आणि शिकायला तर तेच दिवस लागतात.

स्वाध्याय : आपल्या वर्गातल्या दोन मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या घ्या. दोघांच्याही दहा चुका असतील, पण त्या एकाच प्रकारच्या आहेत की विखुरलेल्या, ते शोधा.