संवादी यंत्रांवरील जाहिरात : नियम व आपली जबाबदारी

आपला माल अडत्याच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास विकावा, अशी इच्छा हल्लीं पुष्कळ बागाईतदारांस होत आहे व ती योग्यच आहे. परंतु माल थेट विकावयाचा म्हणजे त्याची जाहिरातहि आपणच करावी लागते, आणि जाहिरातीची जागा आतां पालटत चालली आहे. पूर्वीं ती भिंतीवर व वर्तमानपत्रांत असे. आतां माणूस यंत्रास प्रश्न विचारतो, यंत्र त्यास वाक्यांत उत्तर देतें, आणि त्या संभाषणाच्या पानावरच जाहिरात येऊं लागली आहे. मायक्रोसॉफ्टनें बिंगमधील आपल्या संवादी यंत्राच्या उत्तरांत जाहिराती दाखविण्यास २०२३ सालीं आरंभ केला. चॅटजीपीटी चालविणाऱ्या ओपनएआय कंपनीनें जानेवारी २०२६ मध्यें आपलें जाहिरातविषयक धोरण प्रसिद्ध करून पुढच्याच महिन्यांत अमेरिकेंत प्रयोग सुरू केला. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून आंबा, बेदाणा व गूळ विकणारे तर गांवोगांवीं आहेत, आणि त्यांतील कांहींनीं गिऱ्हाइकांस उत्तरें देण्याचें काम चॅटबॉटकडे सोंपविलें आहे. अशा ठिकाणीं जाहिरात करणारानें काय पाळावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम नियमांचें मूळ पाहूं. भिंतीवरील जाहिरात वाचणारास हा विकणाराचा शब्द आहे हें ठाऊक असतें, व तो आपल्या मनाशीं चार आणे कमी करूनच ती वाचतो. संभाषणांत तसें नसतें. डाळिंबावरील तेल्या रोगास काय करावें, असें विचारणारा शेतकरी सल्ला मागत असतो. त्या सल्ल्यांतच कोणी पैसे देऊन आपल्या औषधाचें नांव घुसविलें, तर नुकसान त्याच्या बागेचें होतें. म्हणून विकणाराचा शब्द व सल्लागाराचा शब्द यांची सरमिसळ होऊं नये, हेंच या सर्व नियमांचें सार होय. ओपनएआयनें जाहीर केलेल्या धोरणांत हेंच दिसतें : जाहिरातीमुळें उत्तर बदलूं नये, जाहिरात उत्तराखालीं, निराळी व तसें लिहून दाखवावी, वापरणाराचें संभाषण जाहिरातदारास देऊं नये, अठरा वर्षांखालील मुलांस ती दाखवूं नये, आणि आरोग्य, मानसिक स्वास्थ्य व राजकारण यांसारख्या नाजूक विषयांजवळ ती ठेवूं नये.

आतां आपल्या पक्षीं पाळावयाच्या गोष्टी.

१. जाहिरात ही जाहिरात म्हणूनच दिसावी. आप्तांकडून गिऱ्हाइकाच्या नांवानें खोटी स्तुति लिहविणें, किंवा जाहिरातीस बातमीचें रूप देणें, हें ज्या मंचावर चालवून घेतलें जाईल तेथेंहि कायदा तें चालूं देत नाहीं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखालीं केंद्रीय प्राधिकरणानें ९ जून २०२२ रोजीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं वेष पालटलेल्या जाहिरातीस स्पष्ट मनाई केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं १० लाख रुपयांपर्यंत व पुढें ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो.

२. सिद्ध करतां येईल तेंच लिहावें. येथें आपल्या मालाचीं उदाहरणें घेऊं. जांभळाच्या बियांच्या पुडीनें मधुमेह बरा होतो असें लिहूं नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यांत ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातींस बंदी आहे त्यांत मधुमेह आहे, आणि अन्नपदार्थ रोग बरा करतो असें म्हणण्यास २०१८ चे अन्न-जाहिरातींचे नियमहि मनाई करतात. ‘सेंद्रिय’ हा शब्द २०१७ च्या नियमांनीं बांधलेला आहे. त्यास मान्य प्रमाणपत्र लागतें. स्वतःचा माल थेट खाणारास विकणाऱ्या लहान उत्पादकास त्यांत सूट आहे, पण ‘जैविक भारत’ हें चिन्ह त्यानें लावूं नये. हापूस या नांवास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरतें आहे. इतर ठिकाणचा आंबा त्या नांवानें खपवूं नये. बियाणांच्या बाबतींत, २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, वांटण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. परंतु संरक्षित वाणाचें बीं त्या वाणाच्या नांवाचें लेबल लावून विकण्याचा दिलेला नाहीं. जाहिरातींत वाणाचें नांव घालतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

३. संमतीवांचून कोणास निरोप पाठवूं नये. व्हॉट्सॲपच्या व्यापारविषयक धोरणाप्रमाणें, ज्यानें आपला क्रमांक स्वतः देऊन निरोप घेण्यास मान्यता दिली आहे त्यासच व्यापारी निरोप पाठवावयाचा असतो, आणि ‘पुरे’ म्हणतांच थांबावयाचें असतें. मंचाचे नियम पुष्कळदां कायद्याहूनहि कडक असतात, हें येथें सांगणें अवश्य आहे. बैल किंवा गाय बाजारांत विकण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. पण व्हॉट्सॲपच्या धोरणांत जिवंत जनावरांची व्यापारी विक्री निषिद्ध आहे. ऐन हंगामांत खातें बंद पडलें, तर पेट्या भरलेल्या राहतात व गिऱ्हाईक हातचें जातें. म्हणून गिऱ्हाइकांची यादी वहींत निराळी ठेवावी, व हंगामापूर्वीं मंचाचे नियम एकदां वाचून घ्यावे, कारण ते वरचेवर बदलतात.

४. यंत्राच्या शब्दास धनी आपणच. कॅनडांतील एक खटला या बाबतींत बोधप्रद आहे. एअर कॅनडा या विमानकंपनीच्या चॅटबॉटनें, आप्ताच्या मृत्यूनिमित्त प्रवास करणाऱ्या उतारूस, सवलत प्रवासानंतरहि मागतां येईल असें चुकीचें सांगितलें. चॅटबॉट आपल्या शब्दांस स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीनें मांडला. ब्रिटिश कोलंबियांतील न्यायाधिकरणानें फेब्रुवारी २०२४ मध्यें तो फेटाळून उतारूस भरपाई देवविली. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठें आहे. दुकानांतील नोकरानें दिलेला शब्द मालकास बांधतो, तसाच हाहि बांधतो. म्हणून चॅटबॉटला माल, भाव, प्रमाणपत्र व परतीच्या अटी यांचा तपासलेला एकच कागद द्यावा. त्याबाहेरील प्रश्न आल्यास ‘विचारून कळवितों’ एवढेंच त्यानें म्हणावें, अशी व्यवस्था करावी. माणसाशीं बोलण्याची वाट उघडी ठेवावी. आणि आठवड्यांतून एकदां त्यानें दिलेलीं उत्तरें कोणी तरी जबाबदार माणसानें वाचावीं.

हे नियम लहान शेतकऱ्याच्या आड येतात असें कित्येकांस वाटेल. आमच्या मतें ते त्याच्या हिताचेच आहेत. खोट्या दाव्यांची चढाओढ लागली, तर पैसा अधिक ज्याचा त्याची सरशी होते. खऱ्या शब्दाची लागली, तर माल चांगला ज्याचा त्याची होते. शिवाय याच यंत्रांपाशीं आपणहि औषध, खत व बियाणें यांविषयीं विचारणार आहों. दुसऱ्याच्या जाहिरातींत जो खरेपणा आपण अपेक्षितों, तो आपल्या जाहिरातींत आधीं असला पाहिजे. सभासदांनीं नवी जाहिरात देण्यापूर्वीं ती शेजारच्या एखाद्या जाणत्या बागाईतदारास वाचून दाखवावी. ज्या शब्दाचा पुरावा त्यास दाखवितां येणार नाहीं, तो शब्द गाळावा.