म्हणे, अक्रोड कडूच असतो!

भाजीला फोडणी दिली, गोडा मसाला घातला की दुय्यम माल खपून जातो. सॅलडमध्ये काही शिजतच नाही, त्यामुळे कशावरही पांघरूण पडत नाही. आमच्या भिशीच्या दुपारी हे चारचौघींत दिसलं, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

लेट्यूस, नासपती, डाळिंबाचे दाणे, चीज, वर अक्रोड. लिंबू, मध, तेल, मिरपूड. दहा मिनिटांचं काम. पहिल्याच घासाला समोरच्या काकूंचं तोंड वाकडं झालं. काही न बोलता त्यांनी अक्रोड ताटलीच्या कडेला काढून ठेवले. मग शेजारणीनं. मी एक तुकडा चावला. आधी काहीच नाही, मग घशाशी जुन्या तेलाचा वास चढत गेला. पाणी प्यायले तरी जाईना. खवट!

मुलुंड स्टेशनजवळच्या दुकानातून "ताजे आहेत ना?" असं विचारूनच घेतले होते. संध्याकाळी पुडी घेऊन परत गेले. दुकानदारानं ती उघडलीसुद्धा नाही. "अक्रोड कडूच असतो ताई, तुम्हाला सवय नसेल." सवय नसेल! म्हटलं, तुम्ही एक खाऊन दाखवा. तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काजू तोलायला वळला. पैसे गेले ते गेले, पण ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही.

अक्रोडाची साल तुरट-कडवट असते, कबूल. ती चव लगेच कळते आणि नासपतीबरोबर छानच लागते. खवटपणा तेलाचा. अक्रोडात निम्म्याहून जास्त स्निग्धांशच असतो. हवा, ऊब, उजेड लागला की तो बिघडतो. काश्मीरचा नवा माल सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, म्हणजे श्रावणात उघड्या बरणीतून मिळतो तो बहुधा वर्षभराचा जुना. एक गर मोडून बघा, आतून पांढुरका हवा. मग चावा, थोडं थांबा आणि मगच तोलायला सांगा. चाखू देत नसेल तर तिथून घेऊच नका. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. भाजल्यानं खवटपणा जात नाही, कुणी काहीही सांगो.

चीजचं पाकीट उलटून घटक वाचा. दुधाच्या जागी वनस्पती तेल असेल तर परत ठेवा. सुट्या पनीरवर आयोडीन टाकून बघा असं सगळे सांगतात; त्यानं स्टार्चची भेसळ कळते, पामतेलाची नाही.

पावसाळ्यात पानांत माती असते. एकेक पान सुटं करून दोन-तीन पाण्यांतून काढा आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडं करा. ओल्या पानांवर ड्रेसिंग धरत नाही, सगळं तळाशी उतरतं. नासपतीला चिरल्या चिरल्या लिंबू चोळा.

आणि पक्कं बिल मागा. मला त्या दुकानदारानं कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहून दिले होते, दुकानाचं नावही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, पण हातात पावती असली की आपलं म्हणणं ठामपणे मांडता येतं. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही. भिशीतल्या बाकीच्या जणींनीही तिथून घेणं बंद केलं आहे.