शिरक्यातील अंडी : आम्ल आतपर्यंत केव्हा पोचते?

उन्हाळ्यात घरोघरी कैरीचे लोणचे घातले जाते. चिनी मातीची बरणी, वर तेलाचा थर, तोंडाला बांधलेले स्वच्छ फडके. एवढ्या तयारीवर ते लोणचे फडताळात वर्षभर टिकते. इंग्लंडातील मद्यगृहांत आणि तळलेले मासे-बटाटे विकणाऱ्या दुकानांत अंड्यांचे लोणचे मिळते. उकडलेली, सोललेली अख्खी अंडी शिरक्यात म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेली असतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झालेल्या जर्मन वंशाच्या लोकांत हीच अंडी बीटच्या रसात आणि शिरक्यात मुरवून लालभडक करण्याची पद्धत आहे. हा पदार्थ घरी करणे मुळीच अवघड नाही. मात्र घरी केलेली ही अंडी शीतकपाटातच ठेवावी लागतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कैरीचे लोणचे बाहेर टिकते, मग शिरक्यासारख्या तीव्र आंबट द्रवात बुडालेले अंडे बाहेर का ठेवू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ले, विसरण आणि सूक्ष्मजीव या तिन्ही विषयांची उजळणी होईल.

आंबटपणा कसा राखण करतो?

द्रावण किती आम्लधर्मी आहे हे सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखालील सामू आम्लधर्मी, वरचा अल्कधर्मी. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात ठेवावे. शिरक्याचा सामू साधारण २.५ ते ३ असतो. त्यातील आंबटपणा असेटिक आम्लाचा. बाजारातील बाटलीवर बहुधा 'आम्लता ४ टक्के' किंवा '५ टक्के' असे छापलेले असते. गोव्यात नारळाच्या माडीपासून शिरका करतात. त्यात आधी यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल होते आणि मग जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे असेटिक आम्ल बनवतात.

अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू अशा आम्लात वाढू शकत नाहीत. त्यांपैकी सर्वांत घातक म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जाड आवरणाचे बीजाणू तयार करतो. हे बीजाणू पाण्याच्या उत्कलनबिंदूलाही तग धरतात. त्यांचा नाश करण्यासाठी कारखान्यात दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सियस तापमान गाठावे लागते. बीजाणू नुसते पोटात गेले तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. परंतु ओलावा, ऊब, अन्न आणि ऑक्सिजनचा अभाव या चार गोष्टी एकत्र मिळाल्या, की ते रुजतात, जिवाणू वाढू लागतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवते. रोग्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूही काम करेनासे होतात. या रोगाला बॉट्युलिझम म्हणतात.

या जिवाणूचा शोधही एका खारवलेल्या पदार्थामुळेच लागला. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीला जमलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून हा जिवाणू वेगळा करून १८९७ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले.

या जिवाणूला अडवणारी सीमा आज ठाऊक आहे. अन्नाचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर त्याचे बीजाणू रुजत नाहीत. मात्र हा सामू अन्नाच्या प्रत्येक कणाचा हवा. नुसत्या भोवतालच्या द्रवाचा सामू कमी असून भागत नाही.

इलिनॉयमधील बरणी

१९९७ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात काय घडले ते पाहू. एका गृहस्थांनी अंडी उकडून सोलली. रस आत लवकर शिरावा म्हणून त्यांना दात कोरायच्या काड्यांनी भोके पाडली आणि बीट, तिखट मिरच्या व शिरका यांच्यासह काचेच्या बरणीत भरून झाकण लावले. बरणी शीतकपाटाबाहेर, खोलीच्या तापमानालाच राहिली. अधूनमधून तिच्यावर ऊनही पडत होते. ती अंडी खाल्ल्यावर या गृहस्थांना बॉट्युलिझम झाला आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले.

तपासणीत बरणीतील द्रवाचा सामू ३.५ भरला, म्हणजे अगदी सुरक्षित. परंतु पिवळ्या बलकाचा सामू होता ६.८! दोहोंमध्ये ३.३ अंकांचे अंतर, म्हणजे द्रव बलकापेक्षा सुमारे दोन हजार पट आम्लधर्मी होता. विषही मुख्यतः बलकातच सापडले. तेथे त्याचे प्रमाण द्रवातल्यापेक्षा सुमारे हजारपट होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००० साली या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला.

आता एकेक दुवा जोडून पाहा. काडीबरोबर बीजाणू थेट बलकात जाण्याची वाट मोकळी झाली. बलकात ओलावा होता, अन्न होते, ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि आम्ल पुरेसे पोचलेले नव्हते. राहिली होती ती ऊब. ती खोलीने आणि उन्हाने पुरवली. द्रव आंबट होता, पण त्याची राखण अंड्याच्या दाराशीच थांबली.

कैरी आणि अंडे यांत फरक काय?

कैरी मुळातच आंबट असते. तिच्या प्रत्येक पेशीत आम्ल भरलेले असते. शिवाय आपण तिच्या फोडी करतो आणि भरपूर मीठ घालतो. मीठही जिवाणूंना पाणी मिळू देत नाही. अंड्याची गोष्ट उलट आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा सामू सुमारे ७.६ असतो. अंडे ठेवून दिले की कवचाच्या छिद्रांवाटे कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि हा सामू ९ च्या आसपास चढतो. म्हणजे पांढरा बलक चक्क अल्कधर्मी होतो! पिवळ्या बलकाचा सामू ६ च्या जवळपास असतो. अंड्यात स्वतःचे संरक्षक आम्ल नाही. ते सगळे बाहेरून यावे लागते. त्यातच अंड्यातील प्रथिने येणाऱ्या आम्लाचा काही भाग शोषून घेतात, त्यामुळे सामू सावकाश उतरतो.

बाहेरचे आम्ल आत जाते ते विसरणाने. पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब टाकला की शाई हळूहळू पसरते, तोच हा प्रकार. विसरणाचा एक महत्त्वाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ सुमारे चौपट होतो आणि अंतर तिप्पट झाले तर नऊपट. म्हणून बारीक फोडींचे लोणचे लवकर मुरते आणि अख्खे अंडे उशिरा. लहान अंडी मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. मध्यम आणि मोठ्या अंड्यांना दोन ते चार आठवडे द्यावेत, असे जाणकार सांगतात.

आम्ल आतपर्यंत पोचण्यास असा वेळ लागणारच. तोवर राखण कोणी करायची? थंडीने. ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात उकळण्यातून वाचणाऱ्या या जिवाणूंची वाढ होत नाही. शीतकपाटाचा आग्रह आहे तो यासाठी.

घरी करण्याची कृती

घरातील वडीलधाऱ्यांच्या मदतीने पुढीलप्रमाणे करावे.

१. तडे नसलेली सहा अंडी घ्यावीत. ती आठवडाभर जुनी असल्यास उत्तम. सामू वाढल्यामुळे अशा अंड्यांचा बलक कवचाच्या आतील पापुद्र्याला कमी चिकटतो आणि ती सहज सोलली जातात.

२. अंडी पाण्यात उकडून लगेच थंड पाण्यात टाकावीत. फार वेळ उकडल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसते. बलकातील लोह आणि पांढऱ्या भागातील गंधक यांच्या संयोगाने झालेले ते आयर्न सल्फाइड होय. ते अपायकारक नाही.

३. अंडी सोलून धुवावीत. त्यांना सुई, काडी किंवा काट्याने भोके पाडू नयेत. फाटलेली, चिरलेली अंडी बाजूला काढून तेव्हाच खाऊन टाकावीत.

४. अर्धा लिटर व्हिनेगर स्टीलच्या पातेल्यात घ्यावे. त्यात पाणी घालू नये. एक चमचा मीठ, एक चमचा साखर, थोडी मिरी, दोन-तीन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालून पाच मिनिटे उकळावे. लाल रंग हवा असल्यास बीटच्या चार-पाच चकत्या टाकाव्यात. पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण आम्लाची धातूवर क्रिया होते.

५. उकळत्या पाण्यातून काढलेल्या, रुंद तोंडाच्या एक लिटरच्या काचेच्या बरणीत अंडी ठेवावीत. वर गरम द्रव ओतावा. सर्व अंडी पूर्ण बुडाली पाहिजेत.

६. वाफ जिरताच झाकण लावून बरणी शीतकपाटात ठेवावी. निदान दोन आठवडे मुरू द्यावे आणि तीन-चार महिन्यांत संपवावे. पानात वाढण्यापुरती बाहेर काढलेली अंडी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत.

बरणी चुकून बाहेर राहून गेली तर चव घेऊन पाहू नका. ती अंडी टाकून द्या. या विषाला स्वतःचा वास वा रंग नसतो, त्यामुळे पदार्थ चांगला दिसला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

कवच काढायचे कशासाठी?

प्रयोग पहिला : एक कच्चे अंडे काचेच्या पेल्यात ठेवून ते बुडेल इतके व्हिनेगर ओता. अंड्यावर लगेच बुडबुडे जमू लागतील. कवचातील कॅल्शियम कार्बोनेट आणि असेटिक आम्ल यांच्या क्रियेने कॅल्शियम असेटेट, पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. एक-दोन दिवसांत कवच विरघळून रबरासारखे मऊ अंडे हाती येईल.

आता थोडे गणित करू. एका कवचात सुमारे ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याच्या १०० ग्रॅमला १२० ग्रॅम असेटिक आम्ल लागते. म्हणून ५ ग्रॅमला ६ ग्रॅम लागेल. चार टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये ६ ग्रॅम आम्ल असते ते १५० मिलिलिटरमध्ये. म्हणजे एकटे कवच जवळजवळ पेलाभर व्हिनेगर निकामी करते! सहा अंडी कवचासकट ठेवली तर अर्धा लिटर व्हिनेगर कवचांवरच खर्ची पडेल आणि अंड्याच्या आत जायला काही उरणारच नाही.

आम्लाचा प्रवास मोजू या

प्रयोग दुसरा : वरील कृतीनेच, बीट घालून, चार अंड्यांची एक वेगळी बरणी भरा. तिच्यावर 'प्रयोगासाठी, खाऊ नये' अशी चिठ्ठी लावा आणि ती शीतकपाटात ठेवा. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी एकेक अंडे काढून मधोमध कापा. प्रत्येक वेळी सुरी धुऊन पुसून घ्या.

लाल रंग किती मिलिमीटर आत गेला ते पट्टीने मोजा. मग शाळेच्या प्रयोगशाळेतील सामूदर्शक कागदाचे तीन तुकडे शुद्ध पाण्याने किंचित ओले करून तीन ठिकाणी टेकवा : पांढऱ्या भागाची बाहेरची कड, पांढऱ्या भागाची आतली कड आणि पिवळ्या बलकाचा मध्य. बलक कोरडा वाटल्यास दोन थेंब शुद्ध पाण्यात कालवून घ्या. बीटच्या रंगाने कागदाचा रंग फसवा दिसू शकतो; म्हणून वर्गात दोन गट पाडून एकाने बीट न घालता हाच प्रयोग करावा.

मिळालेले आकडे आलेखावर मांडा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर सामू. तिन्ही ठिकाणांच्या तीन रेषा येतील. ४.६ जवळ एक आडवी रेघ मारा आणि कोणती रेषा तिच्याखाली केव्हा उतरते ते पाहा. रंगाचा रेणू असेटिक आम्लाच्या रेणूपेक्षा पुष्कळ मोठा आहे, त्यामुळे तो मागे राहतो. रंग पोचला नाही म्हणून आम्लही पोचले नाही, असे समजू नये. आणि तुमच्या एका बरणीतील आकड्यांवरून दुसरी बरणी बाहेर ठेवण्याचे धाडसही करू नये. अंड्यांचा आकार, व्हिनेगरची तीव्रता, अंडी आणि द्रव यांचे प्रमाण, यांपैकी काहीही बदलले की रेषा बदलते.

आजीचे कैरीचे लोणचे बाहेर टिकते ते शास्त्रानेच, आणि शिरक्यातील अंडे शीतकपाटात ठेवायचे तेही त्याच शास्त्राने. बरणीतल्या द्रवाची चव आंबट लागली म्हणून आतला पदार्थ सुरक्षित ठरत नाही. आम्ल कोठवर पोचले, हे विचारायला हवे.

स्वाध्याय

१. अंड्याऐवजी त्याचे चार तुकडे करून शिरक्यात ठेवले तर मुरण्यास लागणारा वेळ कमी होईल की जास्त? विसरणाच्या नियमावरून कारण सांगा.

२. लोणच्यावरील तेलाच्या थरामुळे बुरशी का धरत नाही? तोच थर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमला का अडवू शकत नाही?

३. पाच टक्के आम्लतेचे व्हिनेगर वापरल्यास एका अंड्याचे कवच विरघळण्यास किती मिलिलिटर लागेल?

४. तुमच्या घरी होणाऱ्या लोणच्यांची यादी करा. कोणत्या पदार्थात मुळातच आम्ल आहे आणि कोणत्यात ते लिंबू किंवा व्हिनेगरच्या रूपाने बाहेरून घालावे लागते, ते प्रत्येकापुढे लिहा.