मूठभर माणसे, मोठा समुद्र



नकाशावर पोर्तुगाल हा देश शोधा. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही लहान आहे. सोळाव्या शतकात त्याची लोकसंख्या साधारण दहा ते पंधरा लाख होती. असे असूनही पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि तो 1961 पर्यंत ताब्यात ठेवला. वसई 1534 मध्ये त्यांच्याकडे आली आणि 1739 पर्यंत राहिली. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ आणि पूर्वेकडे मलाक्का हीही त्यांचीच ठाणी होती. एवढ्याशा देशाला हे कसे जमले? आणि जे जमले होते, ते पुढे हातचे का गेले?

इतिहासाच्या पुस्तकात याची उत्तरे शौर्य, कपट, तोफा, तह अशा शब्दांत असतात. ती खोटी नाहीत. पण त्यांच्यामागे एक साधे गणितही आहे. आजकाल संगणकावर असे खेळ मिळतात, ज्यांत खेळणाऱ्याने एखादे राष्ट्र चालवायचे असते. त्या खेळांच्या पोटातही असेच गणित असते: दरवर्षी किती आले, किती गेले, किती उरले. आपण मात्र संगणकाशिवाय, चौकटींची वही, पेन्सिल आणि वाटीभर चिंचोके घेऊन हा खेळ मांडू. खेळातले आकडे सोयीसाठी निवडलेले आहेत, ते इतिहासातले नव्हेत. इतिहासातले आकडे जेथे येतील, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

नियम पहिला : माणसे

एक चिंचोका म्हणजे एक तुकडी. खेळाची एक फेरी म्हणजे एक वर्ष. दरवर्षी मायदेशाहून 10 चिंचोके येतात. दरवर्षी आपल्याजवळ असलेल्यांपैकी पाचवा हिस्सा कमी होतो. कोणी तापाने मरतो, कोणाचे जहाज बुडते, कोणी पळून दुसऱ्या राजाच्या चाकरीत जातो. एक ठाणे राखायला 4 चिंचोके लागतात.

समजा, सुरुवातीला 20 चिंचोके आहेत. पहिल्या वर्षी 4 गेले, 10 आले; झाले 26. पुढल्या वर्षी 26 चे चार-पंचमांश म्हणजे 20.8 उरले, त्यांत 10 मिळवले, झाले 30.8. असेच पुढे 34.6, 37.7, 40.2. वाढ होते आहे, पण दर वर्षी थोडी थोडी मंदावते आहे. ही वाढ कोठे थांबेल?

जेव्हा येणारे आणि जाणारे सारखे होतील, तेव्हा. येणारे 10, जाणारे एकूण संख्येच्या एक-पंचमांश. म्हणून एकूण संख्या 50 झाली, की आकडा स्थिर होतो. गंमत अशी, की सुरुवात 20 ऐवजी 200 चिंचोक्यांनी केली तरी काही वर्षांनी आकडा उतरत उतरत 50 वरच येतो. पटत नसेल तर करून पाहा.

बुडाशी भोक असलेल्या टाकीत नळ सोडला, की असेच होते. पाणी जसे चढेल तसा भोकावरचा दाब वाढतो, गळती वाढते आणि एका उंचीला पातळी थांबते. पावसाचा थेंब ढगातून पडताना वेग वाढवत जातो, पण हवेचा विरोधही वाढत जातो आणि थेंब ठरावीक वेगाने खाली येऊ लागतो. टाकी, थेंब आणि ठाणी यांचे गणित एकाच घराण्यातले आहे.

50 चिंचोक्यांत 12 ठाणी बसतात. तेरावे जिंकणे अवघड नाही. पण त्यासाठी जुन्या एखाद्या ठाण्यातली माणसे काढावी लागतात. छोट्या सत्तेचा पहिला धडा हाच, की जिंकता येईल तेवढे आणि राखता येईल तेवढे हे दोन वेगळे आकडे आहेत. पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोव्यात आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करून येथेच राहायला उत्तेजन दिले. आपल्या भाषेत सांगायचे, तर नळाची धार वाढवता येत नव्हती, म्हणून त्याने भोक लहान करण्याचा प्रयत्न केला.

नियम दुसरा : नाके

एवढ्या थोड्या माणसांत अफाट समुद्रावर हुकमत कशी ठेवायची? याचे उत्तर मुरबाड तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना दूर शोधायला नको. नाणेघाट पाहा. कल्याण बंदरातला माल सह्याद्री चढून जुन्नरला जायचा, तो या अरुंद खिंडीतून. तेथे सातवाहनकालीन लेख आहे, त्यात आपल्या अंकांचे पूर्वज शोभतील अशी अंकचिन्हे आहेत, आणि जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. सारे कोकण राखायला हजारो माणसे लागतील. खिंड राखायला मूठभर पुरतात.

पोर्तुगीजांनी समुद्रावर नाणेघाट शोधले. होर्मुझ ही एक खिंड, मलाक्का ही दुसरी. शिवाय त्यांनी परवान्याची पद्धत काढली. या परवान्याला कार्ताझ म्हणत. व्यापारी जहाजाजवळ तो नसेल, तर जहाज पकडले जाई. परवान्याची किंमत फार नसे. खरी कमाई पुढे होती, कारण परवाना घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीज बंदरात जाऊन जकात भरणे भाग पडे.

आता जकात किती लावावी? समजा, जकात शून्य असेल तर वर्षाला 100 गोण्या येतात, आणि जकात एका नाण्याने वाढली की 10 गोण्या कमी होतात. जकात 2 नाणी ठेवली, तर गोण्या 80 आणि उत्पन्न 160. जकात 8 ठेवली, तर गोण्या 20 आणि उत्पन्न पुन्हा 160! जकात 5 असताना गोण्या 50 आणि उत्पन्न 250. याहून जास्त मिळत नाही. आलेख काढलात, तर उलट्या ठेवलेल्या वाडग्यासारखा वक्र मिळेल. दहावीत वर्गसमीकरणे शिकताना हाच वक्र पुन्हा भेटतो.

पण यात एक मेख आहे. एक खिंड बंद केली आणि शेजारची उघडी राहिली, तर व्यापारी शेजारच्या वाटेने जातो. आल्बुकेर्कने 1513 मध्ये तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडनवर हल्ला केला, पण ते त्याला घेता आले नाही. ती वाट उघडी राहिली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरी पुन्हा तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे जाऊ लागली. कुंपणाला एकच भगदाड असले तरी गुरे शेतात शिरतातच.

नियम तिसरा : सीमा

चौकटींच्या वहीत 36 चौकटींचा प्रदेश दोन प्रकारे काढा. एक चौरस, 6 चौकटी लांब आणि 6 रुंद. दुसरी पट्टी, 36 लांब आणि 1 रुंद. दोन्हींची एक लांब बाजू समुद्राला लागली आहे आणि ती जहाजे राखतात, असे धरा. जमिनीकडच्या प्रत्येक कडेला एक पहारा ठेवायचा आहे. चौरसाला लागतात 6 + 6 + 6 = 18 पहारे. पट्टीला लागतात 36 + 1 + 1 = 38. शेती तेवढीच, सारा तेवढाच, आणि पहारे दुपटीहून अधिक.

पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत हा असाच किनाऱ्याने पसरलेला होता: दमण, वसई, साष्टी, चौल. बेटांना खाड्यांचा आधार होता. पण जमिनीच्या बाजूने बळकट सत्ता उभी राहिली, की लांब पट्टी राखणे कठीण. समुद्रावर वरचढ असलेली सत्ता जमिनीवर दुबळी ठरू शकते, याचे एक कारण भूमितीत आहे.

नियम चौथा : उशीर

आता सर्वांत कठीण नियम. तुम्ही जादा चिंचोके मागितलेत, तर ते त्याच फेरीत मिळणार नाहीत. दोन फेऱ्यांनंतर मिळतील.

हा नियम वाऱ्यांनी घालून दिला होता. लिस्बनहून जहाजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा आधार घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. पावसाळ्यात आपली किनारपट्टी शिडाच्या जहाजांना जवळजवळ बंदच असे.

हा हिशेब वसईला लावून पाहू. मराठ्यांनी 1737 च्या उन्हाळ्यात ठाणे घेतले. ही बातमी आणि मदतीची मागणी नेहमीच्या जहाजाने पाठवली असे धरा. ते जहाज वर्षअखेरीस निघेल आणि 1738 च्या मध्यास लिस्बनला पोहोचेल. तोवर त्या वर्षीचा ताफा निघून गेलेला. म्हणजे मदत निघणार 1739 च्या मार्चमध्ये आणि पोहोचणार सप्टेंबरच्या सुमारास. चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईच्या किल्ल्याने शरणागती पत्करली, ती 1739 च्या मे महिन्यात! मराठ्यांनाही या वेढ्यात फार मोठी प्राणहानी सोसावी लागली. पण त्यांची कुमक कोकणातून आणि घाटावरून येत होती, अर्धे जग ओलांडून नव्हे. सिद्धगडाच्या पाठीशी असलेल्या भीमाशंकराच्या देवळात आजही जी पोर्तुगीज घंटा दिसते, ती वसईच्या मोहिमेनंतरची आहे असे सांगतात.

पाचवा नियम, जो पटावर दिसत नाही

येथवर आपण राज्य करणाऱ्याच्या बाजूने खेळलो. ज्यांच्यावर राज्य केले, ती माणसे पटावर कोठे आहेत? गोण्या वाहणारा, सारा भरणारा, होडी वल्हवणारा यांचा एकही चिंचोका आपण ठेवला नाही. खेळातली ही उणीव लहान नाही.

इंग्रजांची सत्ता पोर्तुगीजांहून किती तरी मोठी, तरीही 1941 च्या सुमारास हिंदुस्थानची लोकसंख्या 39 कोटींच्या आसपास असताना वरिष्ठ सनदी सेवेत जेमतेम हजार-बाराशे अधिकारी होते. एवढे थोडे लोक राज्य करू शकत, कारण रेल्वे, तारा, कचेऱ्या आणि वीज यांचे जाळे चालू होते, आणि ते चालवणारे हात येथल्याच लोकांचे होते.

घाटाखालच्या खोपोली, भिवपुरी येथल्या केंद्रांतील वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला जाई. समजा, अशी एक वाहिनी 40 किलोमीटर लांब आहे आणि दर 250 मीटरला एक मनोरा आहे. मनोरे झाले 160. प्रत्येकाला 4 पहारेकरी, म्हणजे 640 माणसे. आणि वाहिनी बंद पाडायला? एक मनोरा. एकसर जोडणीतला एक दिवा काढला की सारी माळ विझते, तसेच हे. नाणेघाटाचे गणित येथे उलटे फिरले: राखणाऱ्याला सर्व ठिकाणे राखावी लागतात, तोडणाऱ्याला एक पुरते.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी 1942 च्या आंदोलनात हे ओळखले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडली. पोलीस मागावर होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे आणि 2 जानेवारीला लोक तेथे जमतात.

आपल्या वहीत हे कोणत्या खात्यात लिहाल? ‘या वर्षी दोन गेले’ एवढेच? शास्त्रज्ञ एखादी प्रतिकृती मांडतो, तेव्हा तिच्यात काय घेतले हे तो सांगतो, तसेच काय सोडले हेही त्याने सांगितले पाहिजे. पाचवा नियम हा: लोकांची संमती घटली, की गळतीचे भोक मोठे होते. एक-पंचमांशाऐवजी एक-चतुर्थांश गळती धरली, तर स्थिर आकडा 50 वरून 40 वर येतो आणि ठाणी 12 वरून 10 वर. गळती निम्म्यावर गेली, तर उरतात 20 चिंचोके आणि 5 ठाणी. बाहेरून कोणी हल्ला न करताही!

वर्गात करून पाहा

1. 200 चिंचोक्यांपासून सुरुवात करून दहा वर्षांचा आलेख काढा. 50 पासूनचे अंतर निम्मे व्हायला किती वर्षे लागतात?

2. दोन खिंडी घ्या. दोन विद्यार्थी एकेका खिंडीचे मालक. प्रत्येकाने जकात कागदावर गुप्तपणे लिहायची. व्यापारी स्वस्त वाटेने जातो. पाच फेऱ्यांनंतर जकात कोठे येते ते पाहा.

3. उशिराचा नियम काढून टाका आणि पुन्हा खेळा. नंतर उशीर तीन फेऱ्यांचा करा. दोन्ही वेळा किती ठाणी गमावली, याची तुलना करा.

4. शेवटी वर्गाचे दोन गट करा. एका गटाने सत्तेची वही ठेवावी आणि दुसऱ्याने एका गावाची: धान्य किती पिकले, सारा किती गेला, किती जण वेठीला नेले, किती परत आले. दहा फेऱ्यांनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा. शिक्षकांनी हा चौथा प्रयोग वगळू नये. तो वगळला, तर गणित बरोबर येईल, पण उत्तर अर्धेच मिळेल.