सुईच्या टोकावरचे चित्र



रायगड जिल्ह्यातील दिघीहून समोरच्या आगरदांड्याला जायचे दोन मार्ग आहेत. राजपुरी खाडीला मोठा वळसा घालून रस्त्याने जावे, नाही तर फेरीबोटीने सरळ खाडी ओलांडावी. धातूतून बाहेर पडू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनापुढेही असेच दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग उष्णतेचा. १९७२ साली मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे घरोघरी जे संच होते, त्यांत काचेची चित्रनलिका असे. तिच्यातील ऋणाग्र तापवला की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाचा ऊर्जेचा बांध चढून बाहेर पडत आणि पडद्यावरील लेपावर आदळून प्रकाश देत. मानेतून निघालेल्या झोताला सारा पडदा झाडून काढावा लागे. म्हणूनच तो संच मागे इतका फुगीर असे.

दुसरा मार्ग फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये गणिताने स्पष्ट केला. धातूबाहेर तीव्र विद्युत् क्षेत्र असेल तर बांध अरुंद होतो आणि इलेक्ट्रॉन तो न चढता आरपार जातो. यालाच क्षेत्र उत्सर्जन म्हणतात. तापवण्याची गरजच नाही!

आता थोडे गणित करू. बांधाची उंची ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. क्षेत्र दर नॅनोमीटरला ३ व्होल्ट असेल, तर बांधाची रुंदी ४.५ ÷ ३ = १.५ नॅनोमीटर. पण १ मिलिमीटर अंतरावरील दोन सपाट पट्ट्यांत एवढे क्षेत्र निर्माण करायला ३० लाख व्होल्ट लागतील! येथे तडितरक्षकाचे अणकुचीदार टोक आठवा. टोकाशी क्षेत्र एकवटते. स्थूलमानाने, व्होल्टतेला त्रिज्येच्या पाचपटीने भागले की टोकाजवळचे क्षेत्र मिळते. त्रिज्या १० नॅनोमीटर असेल तर १५० व्होल्ट पुरतात.

अमेरिकेत स्पिंट यांनी १९६८ मध्ये मॉलिब्डेनमचे असे सूक्ष्म शंकू बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रकाशबिंदूमागे शेकडो शंकू ठेवले तर झोत फिरवण्याचे कारण उरत नाही. पडदा पाटीसारखा सपाट होतो. कार्बनच्या नॅनोनलिकांचेही टोक म्हणून प्रयोग झाले.

मग असे संच आपल्या घरी का आले नाहीत? अडचणी तीन होत्या.

पहिली, सारखेपणाची. क्षेत्र थोडे वाढले की प्रवाह एकदम वाढतो. त्यामुळे जास्त अणकुचीदार टोके जळतात, बोथट टोके गप्प राहतात आणि पडद्यावर डाग दिसतात. टोकांखाली रोध असलेला थर देऊन हे बरेच सावरता आले.

दुसरी, निर्वाताची. दिघीच्या धक्क्यावरचे लोखंड खाऱ्या हवेने झिजते, तशी ही टोके उरल्यासुरल्या वायूने झिजतात. वायूचे धन आयन उलट येऊन त्यांच्यावर आदळतात. शिवाय आतून निर्वात असलेल्या काचेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका हवेचा दाब असतो. तो पेलायला आत बारीक टेकू लागतात, आणि ते चित्रात दिसता कामा नयेत!

तिसरी, किमतीची. तोवर द्रवस्फटिकाचे पडदे स्वस्त आणि मोठे झाले. जपानच्या कॅनन कंपनीने याच जातीच्या घरगुती संचाचा बेत २०१० मध्ये सोडला.

म्हणून हे ज्ञान वाया गेले काय? मुळीच नाही. अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत आज असेच टोक इलेक्ट्रॉन पुरवते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात डॉ. दिलीप जोग, डॉ. महेंद्र मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनम हेक्झाबोराइडसारख्या अनेक पदार्थांचे क्षेत्र उत्सर्जन अभ्यासले आहे. निसर्गनियम बरोबर असणे ही एक गोष्ट. त्यावर चालणाऱ्या लाखो वस्तू सारख्या, टिकाऊ आणि स्वस्त बनवणे ही दुसरी.

आता तुम्ही सोडवा : वरील टोक झिजून त्रिज्या २० नॅनोमीटर झाली आणि व्होल्टता तीच राहिली, तर बांधाची रुंदी किती होईल? उत्तर काढलेत की पडदा का काळवंडतो, ते तुमचे तुम्हालाच कळेल.